सत्तर ग्रॅमचा पासंग

६ जून

पासंग,

आधी ‘चिरंजीव’ लिहिलं आणि खोडलं. मग ‘प्रिय’ लिहिलं, तर ते वाचून माझं मलाच हसू आलं. शेवटी जे नाव मी ठेवलं आणि तुला कधीच आवडलं नाही, तेच लिहिलं. निदान पाकीट फोडल्याफोडल्या कळेल तरी, पत्र कोणाचं आहे ते.

सात वर्षांनी पत्र आलंय म्हणजे माफीबिफी मागितली असेल, असं समजू नकोस. बातमी कळली म्हणून लिहितोय. तुझी आई रविवारी तुझ्याशी बोलते ती फोन शिवणयंत्रावर ठेवून, आवाज मोठा करून, कारण तिचे दोन्ही हात कामात असतात. मी खोलीत आलो की तू ‘बरं, ठेवते’ म्हणतेस. म्हणून मी येत नाही, दारामागे खुर्ची टाकून बसतो. परवा सोळावा आठवडा लागल्याचं ऐकलं. तुझ्या आईने यंत्र थांबवलं आणि ती रडायला लागली. मी उगाचच घसा खाकरला. तो तुला ऐकू आला असणार, कारण तू लगेच फोन ठेवलास.

अभिनंदन. तुझं आणि जावईबापूंचंही. त्यांना मी फोटोतच पाहिलंय. माणूस त्रेसष्ट किलोचा वाटतो, एखादा किलो इकडेतिकडे.

आता कामाचं. डॉक्टरांकडे जाशील तेव्हा दर वेळी रक्तदाब मोजून घे आणि आकडा लिहून आण. लघवीत प्रथिनं जातात का, तेही तपासायला सांग. पाठ दुखो, डोकं दुखो, दुखणं थांबवायची गोळी आपल्या मनाने घ्यायची नाही. का, ते विचारू नकोस. मी सांगतो म्हणून कर.

चाळीस वर्षं लोकांचे काटे दुरुस्त करतोय. सोनाराचे केले, भंगारवाल्याचे केले, औषधांच्या कारखान्याचे केले. माझ्या हाताखालून गेलेला काटा खोटं बोलत नाही, हे इथे कुणालाही विचार. तेव्हा एवढ्या एका बाबतीत माझं ऐक.

बाबा


१९ जून

पासंग,

तुझा निरोप मिळाला. ‘बाबांना सांग, मला डॉक्टर आहेत. आणि “मी सांगतो म्हणून” हे ऐकावं लागू नये म्हणूनच मी इतक्या लांब आलेय.’ तुझ्या आईने दोन्ही वाक्यं तुझ्याच आवाजात म्हणून दाखवली. बाई नकला छान करते.

ठीक आहे. ‘का’ ते सांगतो.

तू सातव्या महिन्यात झालीस आणि काही दिवस काचेच्या पेटीत होतीस, एवढं तुला माहीत आहे. नेमकं सांगायचं तर सत्ताविसावा आठवडा होता आणि वजन नऊशे तीस ग्रॅम. आईचा रक्तदाब इतका चढला होता की तुला बाहेर काढल्याशिवाय इलाज नव्हता. ती खालच्या मजल्यावर पाच दिवस अर्धवट शुद्धीत होती आणि तू वरच्या मजल्यावर. मी जिना चढायचो आणि उतरायचो. तुझ्याजवळ दहा मिनिटं उभं राहायची परवानगी होती, दिवसातून तीनदा.

तुझं नाव तिथेच पडलं. मी मनाशी म्हटलं, तराजूच्या एका पारड्यात हिला ठेवली आणि दुसऱ्यात किलोचं वजन, तर काटा समतोल व्हायला हिच्या बाजूला सत्तर ग्रॅमचा पासंग लागेल. एक पन्नासचं आणि एक वीसचं, अशी दोन पितळी वजनं मी त्या दिवशी खिशात टाकली. तू घरी येईपर्यंत ती खिशातच होती. लाडाने ठेवलेलं नाव होतं ग ते.

तुझ्या पेटीपाशी ज्या सिस्टर असायच्या त्यांना सगळे मोठ्या सिस्टर म्हणत. उंची पाच फूटही नव्हती. त्या दर तीन तासांनी तुझा लंगोट बदलायच्या आणि भिजलेला लंगोट काट्यावर ठेवायच्या. मी म्हटलं, सिस्टर, हे काय मोजताय? त्या म्हणाल्या, ‘हिच्या किडन्या चालतात का ते. ग्रॅमभर वजन वाढलं म्हणजे मिलिलिटरभर लघवी झाली.’ सकाळी सगळे सुके लंगोट तोलून प्रत्येकाला चिकटपट्टी लावायची आणि त्यावर वजन लिहायचं, मग ओल्यातून सुकं वजा करायचं. मला ती पद्धत इतकी आवडली की मी माझे पाय दुखतायत हेच विसरलो.

तिसऱ्या दिवशी तुझी लघवी कमी झाली आणि चौथ्या दिवशी बंद पडली. अडतीस तास बंद होती. तुझे डोळे सुजून मिटले, पायाचे पंजे फुगले. डॉक्टर पेटीपाशी येऊन नुसते उभे राहायचे. पाचव्या दिवशी दुपारी मोठ्या सिस्टरनी काचेपलीकडून लंगोट वर धरून मला दाखवला. भिजलेला होता. त्या ओल्या फडक्याकडे बघून मी रडलो, त्यापूर्वी रडलो होतो तो माझे वडील गेले तेव्हा.

घरी सोडताना डॉक्टरांनी समजावलं. किडनीत लाखो बारीक गाळण्या असतात. त्या आईच्या पोटात बनतात, छत्तिसाव्या आठवड्यापर्यंत. नंतर जन्मभर एकही नवी बनत नाही. तू सत्ताविसाव्यालाच बाहेर आलीस, म्हणजे गाळण्या मुळात कमी, त्यात हा फटका. आहेत त्या गाळण्या जास्तीचं काम करतात, लहानपणी काही कळत नाही, पण पुढे रक्तदाब वाढू शकतो, लघवीतून प्रथिनं जाऊ शकतात. म्हणून दर वर्षी दोन्ही तपासा, दुखण्याच्या गोळ्या देऊ नका, आणि दिवस राहतील तेव्हा तिच्या डॉक्टरांना हे आधी सांगा, कारण तेव्हा किडन्यांवर दुप्पट बोजा पडतो. त्यांनी तसा कागदही दिला.

कागद आहे माझ्याकडे, वजनांच्या पेटीत. पाठवेन.

तिसऱ्या दिवशी तसं का झालं, ते मला विचारू नकोस. एवढ्या लहान बाळांचं होतं तसं, इतकंच धरून चाल.

बाबा


२ जुलै

पासंग,

उत्तर नाही. कागद पाठवला नाही म्हणून की पाठवेन म्हणालो म्हणून, ते कळायला मार्ग नाही.

अडतीस तासांची गोष्ट तुझ्या आईलाही ठाऊक नव्हती. तिला शुद्ध आली तेव्हा तू पुन्हा ओली करायला लागली होतीस, मग मी म्हटलं, कशाला सांगा. आता सांगितली. ती दोन दिवसांनी माझ्या सदऱ्याचं बटण लावताना म्हणाली, ‘म्हणून तो वजनदिवस होता?’

तुझ्या लक्षात आलं असेलच आता. इतर मुलींना वाढदिवसाला केक आणि तुला काटा. दुकानातल्या मोठ्या तराजूत तुला बसवायचं, दुसऱ्या पारड्यात वजनं रचायची, आणि तू हसत असतानाच दंडाला पट्टा बांधून रक्तदाब घ्यायचा. लघवीची बाटली ‘शाळेने मागितलीय’ म्हणून. शाळेला एवढी काय तुझ्या लघवीची पडलेली, असं तू आठवीत विचारलंस, तेव्हा मी तुझ्यावर ओरडलो. अठरा वाढदिवसांचे आकडे आहेत माझ्याकडे. सगळे ठीक होते. पासंग, हे मी चोख केलं, एक वर्षही चुकवलं नाही.

आणि मग तुझी धावण्याची निवड.

तुझ्या पिशवीत गोळ्यांचं पाकीट सापडलं. गुडघ्यासाठी, सरांनी दिलेल्या. रोज दोन, आणि तीन आठवडे झालेले. माझ्या डोळ्यांपुढे तुझे ते सुजलेले पाय आले. मैदानावर येऊन, तुझ्या सगळ्या मैत्रिणींसमोर मी त्या गोळ्या नळाखालच्या गटारात ओतल्या. तुझ्या सरांना तोंडाला येईल ते बोललो. आणि दुसऱ्या दिवशी निवड होती म्हणून तुझे बूट दुकानातल्या पेटीत ठेवून कुलूप लावलं.

तू काय म्हणालीस ते मी विसरलेलो नाही. ‘नावच पासंग ठेवलंत. मी कुणाच्या पासंगालाही पुरू नये, हीच तुमची इच्छा होती.’ मी एक वाक्य बोललो असतो तर पुरे होतं. गोळ्यांनी तुझ्या किडन्या जातील, एवढंच. गोळ्या सोडून, गुडघा बरा करून तू धावू शकली असतीस. पळायला डॉक्टरांनी कधी मना केलं नव्हतं, ती माझी भर.

ते वाक्य का बोललो नाही, हे तू विचारशील. कारण त्याच्यापुढे दुसरा प्रश्न आला असता.

बूट अजून आहेत. डावा दोनशे बारा ग्रॅम, उजवा दोनशे दहा.

बाबा


११ जुलै

पासंग,

दुसरा प्रश्न म्हणजे, तिसऱ्या दिवशी काय झालं.

हे मी कुणालाही सांगितलेलं नाही. लिहून टाकतो, मग परत वाचणार नाही. तूच वाच.

लंगोट तोलायचा काटा छोटा होता, तबकडीवर सुई फिरते तसला. रिकामा असला तरी सुई शून्यावर यायची नाही, चारवर उभी राहायची. सिस्टरना त्याचं काही वाटत नव्हतं. माझ्या मात्र डोळ्यांत ते कुसळासारखं सलायचं. माझी पोर तोलायची आणि असल्या काट्यावर? तिसऱ्या दिवशी दुपारी दोन वाजता मोठ्या सिस्टर बाजूच्या पेटीकडे वळल्या होत्या. स्क्रूड्रायव्हर माझ्या खिशात नेहमीच असतो. तबकडीखालचा स्क्रू अर्धा फेरा फिरवला, सुई शून्यावर आली. पाच सेकंदांचं काम. मी खूश होऊन खाली आईकडे गेलो.

संध्याकाळी डॉक्टर म्हणताना ऐकलं, ‘लघवी उतरलीय, जवळजवळ काहीच नाही.’ तुला नळीतून जास्तीचं पाणी चालू होतं. मी घरी आलो, आंघोळीला बसलो, अंगावर पहिला तांब्या घेतला आणि डोक्यात प्रकाश पडला.

सुके लंगोट सकाळी तोललेले होते. काटा तेव्हा चारवर होता, म्हणजे अठरा ग्रॅमच्या लंगोटावर बावीस लिहिलेलं. ओला लंगोटही त्याच काट्यावर चारनेच जास्त भरायचा. वजाबाकी केली की चुकीचे चार आपोआप उडून जायचे. त्यांचा हिशोब बरोबर होता. मी मधेच काटा खरा केला, आणि तुझी दर वेळची चार मिलिलिटर लघवी कागदावरून नाहीशी झाली. तू करायचीस सगळी पाच-सहा. त्यातली चार मी खाल्ली.

लघवी होत नाही म्हणून पाणी दिलं, पाण्याने तू फुगलीस, आणि दुसऱ्या दिवशी किडन्या खरोखर बसल्या. सव्वीस वर्षं मी हे असंच तोलत आलोय.

आणि याहून वाईट पुढे आहे. हॉस्पिटल घरापासून वीस मिनिटांवर होतं. ओल्या अंगाने धावत जाऊन सांगायला हवं होतं. मी गेलो नाही. मला वाटलं, सांगितलं तर मला वॉर्डात पाऊल ठेवू देणार नाहीत, ती दहा मिनिटंही जातील. सकाळी पोचलो तर सुई पुन्हा चारवर होती आणि काट्यावर चिकटपट्टी लावलेली होती: ‘हात लावू नये’. म्हणजे त्यांना कळलं होतं. कुणी मला काही बोललं नाही आणि मीही तोंड उघडलं नाही.

लोकांना सांगत फिरलो, माझ्या हाताखालून गेलेला काटा खोटं बोलत नाही. तो खरंच बोलत नव्हता. मीच बोलत होतो.

आता तुला जे म्हणायचं असेल ते म्हण. पण आधी रक्तदाब मोज.

बाबा


२४ जुलै

पासंग,

कागद पाठवायला बाहेर काढला आणि वाटलं, आपल्याला यातलं अर्धं वाचताही येत नाही, मग मागच्या पत्रात आपण लिहिलं ते तरी खरं कशावरून. म्हणून मोठ्या सिस्टरना शोधून काढलं. त्या आता मुलीजवळ राहतात, पहिल्या मजल्यावर. गॅलरीत कुंड्या आहेत आणि प्रत्येक कुंडीला त्या भल्यामोठ्या सिरिंजने पाणी घालतात, खुणेपर्यंत भरून. मला दारात बघून म्हणाल्या, ‘नऊशे तीस!’ माझा चेहरा बघून त्यांना तुझं वजन आठवलं.

मी बसायच्या आधीच बोलून टाकलं. ‘सिस्टर, त्या लंगोटाच्या काट्याला मी हात लावला होता.’

‘मग मला काय भुताने लावला असं वाटलं? वॉर्डात खिशात स्क्रूड्रायव्हर घालून फिरणारे तुम्ही एकटेच, काटेवाले.’

‘तुम्हाला कधी कळलं?’

‘दुसऱ्याच लंगोटाला. पट्टीवर बावीस लिहिलंय, हाताला ओला लागतोय, आणि काटाही बावीसच म्हणतो. असं कसं होईल? काटा रिकामा करून बघितला तर शून्यावर. तिथल्या तिथे दोन्ही आकडे लाल शाईने सुधारले आणि स्क्रू परत फिरवला.’

‘पण तोवर जास्तीचं पाणी...’

‘कुठलं जास्तीचं पाणी? कागद आणा इकडे.’ चष्मा लावला, बोट फिरवलं. ‘हे बघा. तिसऱ्या दिवसाचं रक्त, सकाळी सहाचं. किडनीचा आकडा तेव्हाच चढलेला आहे. पाणी आठ वाजता लावलं, ते हे रक्त बघून. तुम्ही काट्याला हात कधी लावलात?’

‘दुपारी दोनला.’

‘मग?’

कागद सव्वीस वर्षं माझ्या पेटीत होता, पासंग. पाचशेच्या वजनाखाली. त्यात सकाळचे सहा लिहिलेले होते.

‘सत्ताविसाव्या आठवड्याच्या किडन्या आहेत, काटेवाले. बसतात. त्या आठवड्यात शेजारच्या पेटीतल्याच्याही बसल्या होत्या, त्याच्या बापाला तर स्क्रू कशाशी खातात तेही ठाऊक नव्हतं.’

मी चिकटपट्टीचं विचारलं. त्या आधी समजल्याच नाहीत, मग इतक्या हसल्या की सिरिंज खाली ठेवावी लागली. ‘अहो, ती रात्रपाळीच्या पोरींसाठी! सगळे सुके लंगोट चारवरचे तोललेले, कुणी हौसेने शून्यावर आणला असता तर परत घोळ. तुमच्यासाठी असती तर तुमचं नाव घालून नसती का लावली?’

मग हसणं थांबवून त्यांनी विचारलं, मुलीला हे सगळं माहीत आहे ना. मी म्हटलं, आत्ता सांगितलं, गेल्या महिन्यात. त्यांनी चष्मा काढला.

‘आम्ही कागद दिला तो तिच्यासाठी. तुम्ही तो वजनाखाली दाबून ठेवलात? तिला गाळण्या कमी होत्या, अक्कल नाही. तिला सांगितलं असतंत तर तिने स्वतःची काळजी स्वतः घेतली असती.’

काट्याच्या चुकीतून त्यांनी मला सोडवलं आणि या दुसऱ्या चुकीत अडकवून घरी पाठवलं. येताना रस्त्याने मला हलकं वाटायला हवं होतं. थोडं वाटलंही, खोटं कशाला बोलू. पण मग तुझे बूट आठवले.

मूळ कागद सोबत आहे. नक्कल ठेवलेली नाही, तो तुझा आहे.

बाबा


९ ऑगस्ट

पासंग,

तुझं पत्र आलं. सात वर्षांत पहिलं, आणि तेही एकाच पानाचं. तुझी आई म्हणाली मोठ्याने वाचा, मी म्हटलं नंतर.

कागद तुझ्या डॉक्टरांनी फाईलला लावला, बरं झालं. लघवीत थोडी प्रथिनं जातात आणि ती बहुतेक आधीपासूनच जात असावीत, असं त्या म्हणाल्या, हे वाचून मी तुझ्या अठरा वाढदिवसांचे आकडे पुन्हा काढून बसलो. पण त्या घाबरलेल्या नाहीत असंही तू लिहिलंयस, म्हणून मीही घाबरत नाही. एक छोटी गोळी रोज, घरी रक्तदाबाचं यंत्र, दर दोन आठवड्यांनी लघवी. छान. बाई कामाची दिसते.

यंत्र घेतलंस ते एकदा त्यांच्या यंत्राशी ताडून बघ. तुझं पाच पॉइंट जास्त दाखवत असेल तर बिघडत नाही, पण ते रोज पाचच जास्त दाखवलं पाहिजे. आणि मधेच बदलू नकोस. हे मी शिकलोय.

आता तुझं शेवटचं वाक्य. ‘तुम्ही काट्याचं केलंत त्याचा मला राग नाही. तुम्ही सांगितलं असतंत तर त्या गोळ्या मीच फेकल्या असत्या, आणि निवडीला गेले असते, पुढच्या वर्षी का होईना. ते तुम्ही माझ्याकडून काढून घेतलंत.’

चारदा वाचलं. तू तोललंस ते बरोबर आहे. मी चुकलो, आणि त्याबद्दल मी तुझी माफी मागतो. पहिल्या पत्रात नाही म्हणालो होतो ना, ते खोड.

बाबा


२९ सप्टेंबर

पासंग,

काल फोनवर सांगायचं राहिलं, म्हणून लिहितोय. बत्तिसावा आठवडा, घरच्या यंत्रावर एकशे बावन्न आणि नव्याण्णव, दुसऱ्यांदा घेतला तरी तोच, आणि तू जावईबापूंना उठवलंस नि निघालीस. ‘तुमचा कागद नसता तर मी झोपून राहिले असते, बाबा. डोकं दुखत होतं फक्त. गोळी घेतली असती आणि झोपले असते.’ हे तू सांगत होतीस तेव्हा मी दारामागे होतो. घसा खाकरला गेला. आणि तू फोन ठेवला नाहीस.

तू म्हणालीस, ‘दारामागे बसू नका. खुर्ची आत आणा.’

तुझी आई सांगेल तुला, खुर्ची आणताना मी दोनदा चौकटीला आपटलो.

औषधाने एकशे तीसच्या आसपास आलाय आणि प्रथिनं वाढलेली नाहीत, हे सगळं लिहून घेतलंय. आता डॉक्टरांचा एकच हिशोब, छत्तिसावा आठवडा ओलांडायचा. चार आठवडे. तुला चार आठवडे आडवं पडून काढायचेत, आणि तुला एका जागी बसवणं मला एकोणीस वर्षांत जमलं नव्हतं. पण तू ते करशील. जी पोर नऊशे तीस ग्रॅमची असताना अडतीस तास तग धरून पुन्हा लंगोट भिजवते, तिला चार आठवडे म्हणजे काहीच नाही. हे मी धीर द्यायला म्हणत नाही, मी ते उभं राहून बघितलंय.

बोलावलंस, येतो. तुझ्या दोन्ही अटी मान्य आहेत. बूट आणतो. आणि तिकडच्या कुठल्याही काट्याला हात लावणार नाही. तुझ्या आईने माझा स्क्रूड्रायव्हर काढून शिवणयंत्राच्या खणात टाकलाय आणि किल्ली स्वतःकडे ठेवलीय. कुलूप लावायचं कसं ते घरात बघूनच शिकली म्हणे.

बाबा


२ नोव्हेंबर

पासंग,

आईला आत सोडलं, मला अजून बाकावरच बसवलंय. म्हणून ही चिठ्ठी इथल्या सिस्टरच्या हाती देतोय, बुटांच्या पिशवीसोबत. लगेच घालू नकोस. टाके सुकू देत.

सदतीस आठवडे आणि दोन दिवस. छत्तीस ओलांडले, म्हणजे हिच्या गाळण्या हिच्या आईपेक्षा पुष्कळ जास्त. जावईबापूंना हे मी सांगितलं तर ते म्हणाले, ‘हो बाबा, तुम्ही सकाळपासून चौथ्यांदा सांगताय.’ माणूस चांगला आहे. सत्तरच्या वर आहे मात्र, फोटो जुना असणार.

तिला तोलत होते तेव्हा दाराच्या काचेतून मला दिसलं. दोन किलो सहाशे दहा. माझ्या खिशात ती सत्तर ग्रॅमची वजनं आहेत, पन्नासचं आणि वीसचं. हिला त्यांची गरज पडली नाही. तुझ्या उशाशी ठेवायला पिशवीत टाकतोय, तुझी तुला.

आणखी एक. तिला उचलल्यावर काटा रिकामा असतानाही पाच दाखवत होता. मी स्वतः पाहिलं. मी कुणाला काही बोललेलो नाही. हात खिशात आहेत.

आत्ताच सिस्टर बाहेर डोकावून सांगून गेल्या, पहिला लंगोट भिजला. किती ग्रॅम, ते मी विचारलं नाही.

बाबा